ऋतूचं नाव

कडुनिंबाची पानं गळायला लागली की आमच्या भोपाळच्या शाहपुऱ्यात घोकंपट्टी सुरू होते. समोरच्या गच्चीवर एक मुलगी पुस्तक छातीशी धरून येरझाऱ्या घालते, तोंडानं अखंड पुटपुटते, मधेच थांबते, डोळे मिटून सुटलेलं वाक्य शोधते आणि सापडलं की पुन्हा चालू लागते. खाली रस्त्यावर पिवळ्या पानांचा खच. झाडूवाली एका टोकाला ढीग लावते तोवर दुसऱ्या टोकाला नवा खच तयार. तलावावरून येणारं वारं धड गार नसतं, धड उबदार नसतं. मी जन्मभर शाळेत भूगोल शिकवला, सहा ऋतूंची नावं कितीतरी मुलांकडून पाठ करून घेतली, पण या दिवसांचं पुस्तकातलं नाव आमच्या घरात आईच्या तोंडून कधी निघालंच नाही. आमच्याकडे हे दिवस म्हणजे नुसते परीक्षेचे दिवस.

निवृत्त झाले तरी या दिवसांत मला परीक्षेची धास्ती वाटतेच. ती पेपर तपासण्याची नाही. एका वर्षी याच दिवसांत माझ्या आईनं परीक्षा दिली होती, आणि बाबा बाहेरच्या व्हरांड्यात हात मागे बांधून फेऱ्या मारत होते. ते दोघंही आता नाहीत. परीक्षा मात्र दर वर्षी येते, आणि मी गच्चीवरच्या त्या मुलीकडे बघत चहा गार करते.

माझं बालपण बरखेड्यात गेलं. बरखेडा म्हणजे कारखान्याची वसाहत: एकासारखी एक घरं, प्रत्येक फाटकाशी पेरू नाहीतर कडुनिंब, आणि भोंग्यावर चालणारा दिवस. बाबा साताऱ्याहून नोकरीला आले, मग आईला लग्न करून घेऊन आले. डावीकडे मल्याळी कुटुंब, उजवीकडे बंगाली, मागच्या ओळीत तेलुगू. उंबरठ्याच्या आत ज्याची त्याची भाषा आणि फाटकाबाहेर हिंदी. आई फाटकाबाहेर पडताना पदर सारखा करायची आणि त्याच झटक्यात भाषाही बदलायची. तिची हिंदी ऐकण्यासारखी होती. "भैया, कल का काकडी पूरा कडू निकला," असं ती भाजीवाल्याला ठणकावायची. तो बिचारा कडूचा अर्थ चेहऱ्यावरून ओळखायचा आणि दोन काकड्या जास्त टाकायचा.

एका बाबतीत मात्र ती कुठल्याच भाषेत बधली नाही. तिनं बाबांचं नाव घेतलं नाही. शेजारणींपाशी "बेबी के पापा", आमच्यापाशी "हे", आणि बाबांना "अहो". बाबांचं नाव वसंत, आणि इकडे थंडी सरून कडुनिंब गळू लागला की वसंतच मानतात. त्यामुळे आमच्या घरात मोठी पंचाईत होती. वसंतपंचमीला ती "माघातली पंचमी" म्हणायची. गल्लीत त्याच नावाचा एक मुलगा होता, त्याला "यांच्या नावाचा" म्हणायची. मी सहा ऋतू पाठ करताना तिनं माझी उजळणी घ्यायची आणि पहिल्याच ऋतूपाशी नुसती मान डोलवायची. बाबा मुद्दाम छळायचे. "काय गं, शिशिरानंतर कोणता?" असं विचारायचे. आई म्हणायची, "मला काय माहीत, मी काय शाळेत शिकवते?" आणि पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात पळायची. साठी उलटली तरी हा खेळ त्यांना पुरला.

निवृत्तीनंतर क्वार्टर सोडावं लागलं आणि त्यांनी साकेत नगरमध्ये छोटं घर घेतलं. तिथं आईचं विसरणं सुरू झालं. आधी आमटीत दोनदा मीठ. मग मला ती धाकट्या मावशीच्या नावानं हाक मारायला लागली. मग एक दिवस कोपऱ्यावरच्या दुकानातून परत येताना ती दुसऱ्याच गल्लीत एका ओट्यावर बसलेली सापडली, मांडीवर कोथिंबिरीची जुडी घेऊन, अगदी शांत. बाबांनी "वय झालं, होतं असं" म्हणून विषय झटकला. पण त्या रात्रीपासून त्यांनी दाराला वरची कडी लावायला सुरुवात केली.

डॉक्टर सबा आमच्या आयुष्यात आल्या त्या याच सुमारास. जुन्या भोपाळच्या, बोलणं असं अदबशीर की रागावल्या तरी आभार मानावेसे वाटावेत. म्हातारपणी मेंदूत काय बदलतं, आठवण कुठून निसटायला लागते, यावर त्या काम करत होत्या, आणि त्यासाठी त्यांना कारखान्यातून निवृत्त झालेली माणसं आणि त्यांच्या बायका हव्या होत्या. दर वर्षी याच दिवसांत बोलावून तेच प्रश्न पुन्हा विचारायचे, मेंदूचं चित्र काढायचं, मागच्या वर्षीशी ताडून बघायचं. बरखेड्याच्या सामुदायिक भवनात टेबलं मांडली गेली. शेजारच्या शाळेत मुलांचे बोर्डाचे पेपर आणि इथं त्यांच्या आजी-आजोबांचे. कारखान्यात ज्यांच्या आवाजानं वर्कशॉप हलायचं असे दणकट सुपरवायझर घसा साफ करत एकमेकांना विचारत होते, "क्या पूछ रहे हैं अंदर?"

मला आईच्या मागे गप्प बसायची परवानगी मिळाली. बाबांना नाही. ते दारातून खुणा करत होते म्हणून डॉक्टर सबांनी त्यांना हसत बाहेर काढलं. कॉपी पुरवणारे पालक मी आयुष्यभर पाहिले, पण आपलाच बाप त्यांत निघावा ना!

"आंटी, अभी कौन सा मौसम चल रहा है?" डॉक्टरांनी विचारलं.

आईनं खिडकीबाहेर पाहिलं. पानं गळत होती. ती गालातल्या गालात हसली. "वो ही," ती म्हणाली. "ठंड गया, गर्मी आना है, वो वाला."

"उसका नाम?"

"नाम..." आईनं पदर सावरला. "नाम तो है."

डॉक्टरांनी शून्य टाकलं. मला हसू आवरेना. पुढे त्यांनी कागद हातात दिला. "आंटी, इसको बीच से मोड़िए." आईनं कागद उलटसुलट करून पाहिला आणि चक्क मराठीत म्हणाली, "कशाला मोडायचा? चांगला आहे की." पुन्हा शून्य. तिथं मात्र माझं हसू गेलं. चाळीस वर्षं फाटकाबाहेर हिंदी बोललेली ही बाई. मोड़ना म्हणजे घडी घालणं, हे तिला झोपेतही कळलं असतं. आता तिच्या कानात हिंदी शब्द शिरत होता आणि आत पोचेपर्यंत मराठी होत होता.

बाहेर आल्यावर मी डॉक्टरांना दोन्ही गोष्टी समजावून सांगितल्या. मोडणं म्हणजे आमच्यात काय, आणि ऋतूचं नाव आई का घेत नाही ते. डॉक्टर सबा थक्क होऊन ऐकत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "हमारी दादी भी नहीं लेती थीं नाम. मगर दीदी, एक बात बताइए. नाम लिया नहीं, या नाम रहा नहीं? बाहर से तो दोनों एक जैसे दिखते हैं."

मी वळले. बाबा मागेच उभे होते. त्यांनीही ते ऐकलं.

त्या दिवसापासून बाबांचा जीव त्या एका प्रश्नाला टांगलेला राहिला. ती लाजली की विसरली? सरळ विचारावं तर तीही सोय नव्हती. "मी कोण?" असं त्यांनी विचारलं की आई म्हणायची, "असं काय विचारता? चहा घ्या." बरं, "अहो" आणि "तुम्ही" म्हणते म्हणून समाधान मानावं, तर पंखा दुरुस्त करायला आलेल्या माणसालाही ती "अहो" आणि "तुम्ही"च म्हणत होती. आयुष्यभर तिनं त्यांना एवढीच हाक दिली होती, आणि ती हाक कुठल्याही भल्या माणसाला लागू पडत होती. बाबांकडे पुरावा म्हणून काहीच नव्हतं. रोज सकाळी ती हातात चहाचा कप द्यायची आणि ते तिच्या चेहऱ्याकडे बघत बसायचे.

एकदा डॉक्टर सबांनी पडद्यावर आईच्या मेंदूचं चित्र दाखवलं. फुलकोबीचा गड्डा उभा चिरावा तसं करडं-पांढरं काहीतरी. मी तोंडात बोट घालून बघत राहिले. मूठभर मऊ ऐवज, आणि त्यात साताऱ्याचा ओढा, माझं बाळंतपण, पुरणाचं प्रमाण, काकडीचा कडूपणा, सगळं कुठेतरी ठेवलेलं. बाबा पुढे झाले, चष्मा वर केला आणि पडद्याला नाक लागेल इतके जवळ गेले.

"डॉक्टर, इसमें मैं किधर है?"

कुणी हसलं नाही. डॉक्टर सबा म्हणाल्या, "अंकल, यही तो किसी को नहीं मालूम. यही ढूँढ रहे हैं."

आपण एखाद्याच्या मनात घर केलं म्हणतो, आणि ते घर दाखवा म्हटलं तर जगातला कुणीही माणूस बोट ठेवू शकत नाही. पुस्तकात नकाशे शिकवताना मला वाटायचं, आता शोधायचं राहिलंय काय? आणि इथं माझ्या आईच्या कपाळामागे अख्खा प्रदेश कोरा पडलेला होता.

पण शोधायला पैसे लागतात, आणि डॉक्टर सबांच्या कामाचे पैसे मार्चअखेरपर्यंतच होते. पुढे मिळतील की नाही, ते दिल्लीहून येणारी समिती ठरवणार होती. मला याचंच आधी नवल वाटलं. धरण, रस्ता, टर्बाइन यांना सरकारनं पैसे द्यावेत हे कळतं. पण कुठेतरी एका टेबलाभोवती चार शहाणी माणसं बसतात आणि साकेत नगरमधल्या एका बाईला नवरा आठवतो का, हे विचारायला पैसे द्यावेत की नाहीत याचा विचार करतात! डॉक्टरांनी नव्या मागणीत एक गोष्ट वाढवली होती. वसाहतीत हिंदी सगळ्यांची, पण घरातली भाषा प्रत्येकाची वेगळी. तेव्हा प्रश्न ज्याच्या त्याच्या भाषेत तयार करायचे. मराठीत, मल्याळममध्ये, बंगालीत, तेलुगूत. आईनं न मोडलेल्या कागदातून हे निघालं, असं त्यांनी मला सांगितलं तेव्हा मला पहिल्या नंबरानं आलेल्या मुलीच्या आईसारखं वाटलं.

समिती आली तो दिवस अजून डोळ्यांसमोर आहे. सामुदायिक भवनात खुर्च्या, पांढरे टेबलक्लॉथ, समोशांचा वास, आणि इस्त्रीचे कपडे घालून बसलेले आमचे सगळे म्हातारे, कारखान्यात इन्स्पेक्शन असल्यासारखे. समितीतल्या एका गृहस्थांनी सरळच विचारलं, "डॉक्टर, बूढ़ा आदमी तो भूलेगा ही. इलाज आपके पास है नहीं. फिर हर साल पूछने का फ़ायदा?"

प्रश्न वाईट नव्हता. पैसे देणाऱ्यानं विचारायलाच हवा असा होता. डॉक्टर सबा उत्तर द्यायला उठल्या, पण त्यांच्याआधी बाबा उठले.

"साहब," बाबा म्हणाले, "फ़ायदा मेरे को नहीं मालूम. मेरे को इतना ही जानना है कि ये मेरे को जानती है या नहीं. इस साल पता नहीं चला. अगले साल पूछने वाला कोई होना चाहिए."

समितीत एक पिकल्या केसांच्या बाई होत्या. त्यांनी विचारलं, "आपका नाम क्या है, भाई साहब?"

"मेरा नाम इससे पूछिए."

सगळं भवन आईकडे वळलं. आईनं मान खाली घातली, पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि हसली. तेच हसू, स्वयंपाकघरात पळतानाचं. किंवा नुसतं, काही न कळल्यावर माणूस हसतो तसलं. त्या बाई डॉक्टरांकडे वळल्या.

"डॉक्टर, इस मुस्कान के कितने नंबर?"

"अभी तो ज़ीरो, मैडम," डॉक्टर सबा म्हणाल्या. "इसी के लिए तो पैसा माँग रहे हैं."

समिती चहा पिऊन गेली. कुणी कबूल काही केलं नाही. पुढे चैत्रात बरखेड्यातल्या मनोरमाकाकूंनी हळदीकुंकू केलं. या आमच्या समोरच्या ओळीतल्या जुन्या मराठी शेजारीण, आईच्या मैत्रीण. त्यांना मी सगळं सांगितलं होतं, म्हणून त्यांनी आईला आग्रहानं उखाणा घ्यायला लावला. नाव घेण्याची तेवढीच एक रीतसर वाट. आईनं हातातली वाटी खाली ठेवली आणि सुरात सुरुवात केली, "वाटीत डाळ, पेल्यात पन्हं, चैत्राचा असा थाट..." आईनं सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि म्हणाली, "पुढचं आता तुम्हीच म्हणा बाई." बायका खदखदून हसल्या. कुणीतरी तिच्या ओंजळीत ओले हरभरे घातले. मी हातातली डाळ तशीच खाली ठेवली. घरी आल्यावर बाबांनी विचारलं, "घेतलं?" मी नाही म्हणून मान हलवली. ते पंख्याचं बटण दाबून आत गेले.

कागद दिल्लीत कुठल्या टेबलावरून कुठल्या टेबलावर फिरले कोण जाणे. उन्हाळा गेला, पाऊस गेला. डॉक्टर सबांची मदतनीस माणसं दुसरीकडे गेली. त्या एकट्याच अधूनमधून येऊन आईशी बसत, पगाराबाहेरच्या वेळात. थंडी पडल्यावर एक दिवस त्या मिठाई घेऊन आल्या. पैसे मंजूर झाले होते. बाबांनी मिठाईचा पुडा देवापाशी ठेवला. नातवंडांच्या निकालालाही त्यांनी असं कधी केलं नव्हतं.

तोवर आईची हिंदी पार गळून गेली होती. भाजीवाल्याशी ती मराठीत बोलायची आणि त्याला कळत नाही म्हणून त्याच्यावरच रागवायची. दुपारी दारात बसून "घरी कधी जायचं?" म्हणायची, आणि ते घर साताऱ्याचं असायचं. बाबा रोज तिला पेपर वाचून दाखवत. तिला त्यातलं काय पोचत होतं, कुणास ठाऊक. मी मनातून आशा सोडली होती. बाबांनी सोडली नव्हती. पानं गळायला लागली तशी त्यांनी दाढी रोज करायला सुरुवात केली.

परीक्षेच्या दिवशी आम्ही तिघं पुन्हा बरखेड्यात गेलो. बाबा न सांगताच काठी टेकत बाहेरच्या बाकावर जाऊन बसले. दार उघडंच होतं. डॉक्टर सबांनी या वेळी प्रश्न मराठीत विचारायचे म्हणून वर्षभर मराठी गिरवली होती. उच्चार सगळे जुन्या भोपाळचे. माझ्यातली मास्तरीण दुरुस्त करायला शिवशिवत होती, पण मी ओठ मिटून बसले. गावाचं नाव विचारलं, आई म्हणाली, "सातारा." शून्य. वार विचारला, आई म्हणाली, "असेल कुठला तरी." शून्य. डॉक्टरांनी पान उलटलं.

"आजी, आत्ता कोणता रितू चालू आहे?"

आईनं खिडकीबाहेर पाहिलं. मग शाळेतल्या मुलीनं उत्तर द्यावं तसं, ताठ बसून, ना पदर सावरत, ना हसत, ती म्हणाली,

"वसंत."

इतकं स्पष्ट. माझ्या उभ्या आयुष्यात मी तो शब्द तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. डॉक्टर सबांचा हात कागदावर तसाच थांबला. मला रडू येत होतं आणि कशाचं येतंय ते कळत नव्हतं. नाव घ्यायचं नसतं, हे ती विसरली होती. ते विसरली म्हणूनच नाव बाहेर आलं होतं. इतकी वर्षं लाजेनं झाकून ठेवलेला तो शब्द, हिंदी गेली, घराचा रस्ता गेला, माझं नाव गेलं, तरी आत जसाच्या तसा होता. की हे नुसतं ऋतूचं नाव होतं, लहानपणी घोकलेलं, बाबा तिच्या आयुष्यात येण्याच्याही आधीचं? ते मला तेव्हाही कळलं नाही, आजही कळत नाही, आणि डॉक्टर सबांनाही कळलं नाही. त्यांनी गुण दिला तो ऋतूचा.

बाहेरून बाबांचा आवाज आला. "ओ."

पाठोपाठ ते स्वतःच दारात आले. काठी बाकापाशीच विसरले होते. दाराची चौकट धरून, धाप लागलेल्या आवाजात त्यांनी विचारलं, "मला हाक मारलीस?"

आईनं त्यांच्याकडे पाहिलं. वरपासून खालपर्यंत, सावकाश.

"मग आणखी कुणाला मारणार?" ती म्हणाली.